उपरण्याखालची बोटं

डॉक्टरांनी निदान सांगितलं ते मला नाही, नर्सबाईंना, आणि तेही इंग्रजीत.

मी नवऱ्याच्या खाटेच्या पायथ्याशी डोक्यावर पदर घेऊन उभी होते. निपाणीच्या तंबाखूच्या अडत्यांची सून. अशा बाईला इंग्रजी कळत असेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांनी यांचा उजवा हात उचलला आणि सोडून दिला. तो ओल्या धोतरासारखा खाली पडला. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. हात धुता धुता नर्सबाईंना म्हणाले, "उजवी बाजू थोडीफार सुधारेल, बोलणं बहुधा नाही. हा माणूस पुन्हा आपल्या धंद्यावर बसणार नाही. बायको पोरसवदा आहे, तिला आत्ताच सांगू नका."

मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "बाई, काळजी करू नका. आराम पडेल."

मी मान हलवली. मला सगळं समजलं आहे हे सांगायला तोंड उघडलं नाही. माझं शिक्षण बेळगावात कॅम्पातल्या मडमांच्या शाळेत झालं. वडील वकील, त्यांना हौस होती. पण मुळात मी बुजरी, आणि परक्या पुरुषाशी इंग्रजीत बोलणं म्हणजे त्याला खोटं पाडल्यासारखं झालं असतं. ते वाक्य मी तसंच गिळलं. पुढे कित्येक महिने ते माझ्या एकटीजवळ राहिलं.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी असं दुखणं आलं आहे त्यांच्यासाठी, म्हणून डॉक्टरांचे शब्द आधी सांगते. एम्बॉलिझम म्हणजे हृदयात धरलेली रक्ताची गुठळी सुटून मेंदूच्या शिरेत जाऊन अडकते. यांना लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, त्यानं हृदयाची झडप बिघडली होती, आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. हेमिप्लेजिया म्हणजे अर्धं अंग जाणं. आमच्या भागात त्याला 'वारं गेलं' म्हणतात. अफेजिया म्हणजे जीभ धड असून शब्द हरवणं. माणसाला समजतं, पण म्हणायचं एक असतं आणि येतं दुसरंच, किंवा काहीच येत नाही.

यांच्याजवळ एक शब्द उरला होता. 'व्हय.' पाणी हवं का, व्हय. नको का, व्हय. दुखतंय का, व्हय. रागावले तरी व्हय, रडले तरी व्हय.

झालं ते दसऱ्याच्या आधी, सकाळी. धोतराची गाठ बसेना म्हणून हे स्वतःच्या हाताकडे परक्यासारखं बघत उभे होते. मी हसून विचारलं, काय झालं? तर तोंडाची एक बाजू खाली ओघळली आणि 'व्हय' म्हणत ते भिंतीला टेकून बसले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. कोणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. एकानं खरंच कबुतर आणलंही. माझ्या वडिलांचा निरोप आला की बेळगावला आणा. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार चढावर थांबायची, ड्रायव्हर खाली उतरून भट्टी ढवळायचा. मागच्या बाकावर यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लोकांसमोर यांना इतक्या जवळ घेऊन बसण्याची ती माझी पहिलीच वेळ.

दवाखान्यात दिवस सारखेच असतात. सकाळी अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट लावायचं. वळवलं नाही तर पाठीला जखमा होतात, आणि त्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात, असं नर्सबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. पाणी घशात जाताना ठसका लागतो, म्हणून पेज जरा दाट करून डाव्या गालातून चमच्यानं भरवायची. नाडीसाठी डिजिटॅलिसचे थेंब. बाकी वेळ वाट बघणं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, कसे आहेत? आणि यांच्याकडे बघत माझ्याशी बोलायचा, जसं काही ते बहिरे झाले होते. मला कोणी काही विचारत नसे. ते बरोबरच होतं, दुखणं माझं नव्हतं. पण संध्याकाळी भेटीची वेळ संपून पायऱ्यांवरचे आवाज खाली गेले की वॉर्डात मी एकटीच शब्द असलेली उरायची, आणि ते कोणाला सांगावेत तेही कळायचं नाही.

आत्याबाई समोर बसलेल्या असायच्या, त्यांच्यादेखत नवऱ्याचा हात धरणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी घोंगडीखालून यांचा डावा हात धरायची. तो हात सारखा चाळवायचा. माझी दोन बोटं धरायचा, सोडायचा, मग तीन, मग तळव्यावर अंगठा टेकायचा. मी डॉक्टरांना खुणेनं दाखवलं. त्यांनी नर्सबाईंना सांगितलं की ही ग्रास्प रिफ्लेक्स, तान्ह्या मुलाची मूठ मिटते तशी, त्यात अर्थ काही नाही. मीही तेच धरून चालले.

मग अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. धाकट्या भावाच्या बायकोशी ते थेट बोलत नसत, जे सांगायचं ते आत्याबाईंना सांगायचे आणि मी ऐकायची. त्यांनी घोंगडीखाली हात घातला, भावाचा हात धरला, आणि त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला.

"आई," ते म्हणाले, "बाबू भाव इचारतोय."

"काय?"

"भाव गं. तंबाखूचा. आज काय फुटला म्हणून इचारतोय मला."

आणि एवढे मोठे मिशीवाले अण्णा खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

ज्यांना निपाणीचा बाजार ठाऊक नाही त्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे तंबाखूचा भाव तोंडानं ठरत नाही. अडत्या आणि व्यापारी समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली बोटांनी बोलतात. समोरच्याची जितकी बोटं धरली तितका आकडा. पंजा धरला की पाच, त्यानंतर धरलेली बोटं त्यात मिळवायची. तळव्यावर अंगठा म्हणजे अर्धा. मान्य नसेल तर समोरच्याची बोटं हलकेच मिटवून त्याची मूठ करायची. भोवती शेतकरी, हमाल, दुसरे व्यापारी सगळे बसलेले असतात, पण उपरण्याखाली काय चाललं आहे ते त्या दोघांशिवाय कोणाला कळत नाही. वर तोंडानं पावसाच्या, पोरांच्या, लढाईच्या गप्पा चालू असतात. उपरणं उचललं की सौदा झाला. त्यातला भाव घरच्या बायकांना विचारायचा नाही, सांगायचा तर नाहीच नाही.

आमच्या दुकानात हे काम यांचं. अण्णा गावोगाव फिरून शेतकरी जोडायचे, वखार बघायचे. पण उपरण्याखालच्या बोलण्यात ते मंद होते, हे ते स्वतःच सांगत.

दिवाळीनंतर आम्ही निपाणीला परतलो. हे पाय ओढत का होईना, काठी धरून चालू लागले. उजवा हात तसाच. अण्णांनी आत्याबाईंना सांगितलं, मी दाराआड होते: "फाल्गुनात बाजार सुरू हुईल. तवर बाबूचं बघू. न्हाय जमलं तर माझ्या मेव्हण्याला बोलावतो. एकदा त्यो गादीवर बसला की मग त्याला उठ म्हणता येणार न्हाय, हे आत्ताच सांगतो आई."

"बोटं तर चालत्यात त्याची," आत्याबाई म्हणाल्या.

"चालत्यात, पर आकडा चुकतोय. तिनाच्या जागी चार धरतो. तोंडानं चुकलं तर माणूस हसून सोडून देतो. उपरण्याखाली चुकलं तर शेतकऱ्याचं वरीस जातं."

ते खरं होतं. अफेजियात शब्दांबरोबर आकडेही निसटतात, हे मला तेव्हा कळलं. ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांनी धीर सोडू नये. निसटलेलं सगळं कायमचं गेलेलं नसतं. पण ते आपोआपही येत नाही.

अण्णांनी आत्याबाईंच्या हातावर सगळ्या खुणा दाखवल्या, त्या मी बघून घेतल्या. दुपारी माडीवर आम्ही दोघं बसायचो. मी ताटलीत चिंचोके ठेवायची, यांनी ते बघून पंच्याखाली माझी तितकी बोटं धरायची. मधूनच मी मुद्दाम खोटा आकडा पुढे करायची, तो यांनी माझी मूठ मिटवून नाकारायचा. चुकलं की मी काही बोलत नसे, नुसती चिंचोक्यांवर बोट फिरवायची. हे पुन्हा धरायचे. कधी चारदा बरोबर यायचं आणि पाचव्यांदा सगळा गोंधळ. मग ताटली भिरकावायचे आणि लगेच त्यांना रडू यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की या दुखण्यात रडू आणि हसू हाताबाहेर जातं, त्यावरून मनाचा अंदाज बांधू नका. म्हणून मी अंदाज बांधायची नाही, चिंचोके गोळा करायची.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं, पण लिहिते. मला वाटलं होतं की आता आमच्यात एक भाषा झाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण भरल्या घरात दिवसा आम्ही फारसं बोललोच नव्हतो. मी ठरवलं, एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे पाठ दुखते, तीन म्हणजे जवळ बस. यांना समजावूनही सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातातून हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशीही तेच. ती बोटं धंद्याची होती. आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेली घंटा नव्हती. ते मला पटलं, आणि तरी मी त्या दिवशी मोरीत जाऊन बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिले.

माझं नाव हे पूर्वीही घेत नसत, आमच्याकडे घेत नाहीत. पण पूर्वी घेत नव्हते आणि आता घेता येत नाही, यांत फरक आहे. तो सांगायला जवळ कोणी नव्हतं. आईला पत्र लिहिलं असतं तर वडिलांनी मोठ्यानं वाचलं असतं. आणि आत डॉक्टरांचं वाक्य होतंच. चिंचोके मोजताना ते डोक्यात इंग्रजीतून चालू असायचं. मला ते मराठीत आणावंसं वाटत नव्हतं. मराठीत आणलं तर घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी भीती वाटायची.

संक्रांतीनंतर आकडे चुकायचे थांबले. होळीनंतर बाजार सुरू झाला.

पहिल्या दिवशी आत्याबाईंनी यांना ओवाळलं. मी पैरणीची बटणं लावली. हे जिना उतरले आणि गादीवर जाऊन बसले. अण्णांचा मेव्हणा आदल्या दिवशीच येऊन पडवीत टेकला होता, पुढ्यात पानाचा डबा घेऊन. माडीच्या खिडकीच्या गजांतून खालचं सगळं दिसतं. मी गज धरून उभी राहिले. तंबाखूचा उग्र दर्प वर येत होता, पण मला शिंकायचंही भान नव्हतं.

अकोळच्या सत्याप्पानं आपला माल लावला होता. सत्याप्पा यांचा जुना शेतकरी, दरवर्षी माल आमच्याकडेच आणायचा. समोर खरेदीला जेठाभाई, वयस्क गुजराती व्यापारी. त्यांनी उपरणं झटकलं आणि यांचा डावा हात पुढे आलेला बघून थांबले.

"शेठ, डावा हात? देवळात पण चालत नाही, इथे कसा चालेल?"

चारदोन जण हसले. मेव्हण्यानं पान खाली ठेवलं. अण्णा काही बोलायच्या आत यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, जेठाभाईंच्या मनगटावर नीट ठेवला आणि स्वतःच त्यावर उपरणं ओढलं. मग डावा हात आत सरकवला. उजवा मानाचा, डावा कामाचा. जेठाभाईंनी क्षणभर त्या निर्जीव हाताकडे बघितलं आणि बोटं पुढे केली.

सौदा सुरू झाला. जेठाभाई नेहमीसारखं वर बोलत होते. ऊन यंदा लवकर आलं ना शेठ. यांच्या तोंडून आलं, "व्हय." लढाई संपेल म्हणतात. "व्हय." आणि मग जेठाभाईंनी तसंच, गप्पांच्याच आवाजात विचारलं, "मग, देऊन टाकायचा?"

"व्हय," हे म्हणाले.

"झालं. शेठ व्हय म्हणाले," जेठाभाई हसून हात काढू लागले.

सत्याप्पा उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं मला वरून दिसत होतं. हे हात सोडत नव्हते. मान हलत होती, तोंड लाल झालं होतं, आणि बाहेर मात्र तेच येत होतं, व्हय, व्हय, व्हय. कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, डॉक्टर हेच सांगत होते.

पण मला यांचा खांदा दिसत होता. हिवाळाभर मी तो खांदा समोरून बघितला होता. मूठ मिटवताना तो कसा खाली दबतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. खांदा खाली दबलेला होता. उपरण्याखाली हे जेठाभाईंची बोटं मिटवत होते. नको म्हणत होते. मला हे इतकं स्पष्ट दिसत होतं, आणि मी माडीवर, गजांच्या आड, खाली ओरडूही शकत नव्हते.

अण्णा पुढे झाले.

"जेठाभाई, तोंडावर जाऊ नगा. माझ्या भावाच्या तोंडाला देवानं कुलूप घातलंय, त्ये सारी निपाणी जाणते. आमच्या दुकानात सौदा तोंडाचा कवा झाला? हात काय म्हनतोय त्ये सांगा."

जेठाभाईंनी मेव्हण्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, मग उपरण्याकडे.

"हात नाही म्हणतो," ते म्हणाले.

"मग बसा की."

ते पुन्हा बसले. नंतर तोंडानं कोणी काही बोललं नाही. मी फक्त खांदा बघत होते. दबला. पुन्हा दबला. मग सैल झाला, आणि यांनी स्वतःच्या डाव्या हातानं उपरणं उचललं. अण्णांनी यांचा हात धरून भाव समजून घेतला आणि सत्याप्पाच्या कानात सांगितला, तसा तो मटकन आपल्या पोत्यावर बसला आणि डोकं चोळत हसू लागला.

जेठाभाई उपरणं खांद्यावर टाकत म्हणाले, "उजव्यापेक्षा डावा जास्त चिवट निघाला, शेठ. तोच ठेवा आता." या वेळचं हसणं वेगळं होतं. मेव्हणा पानाचा डबा बंद करून तिसऱ्या प्रहरच्या मोटारीनं गेला.

अण्णा जिन्यापाशी आले आणि वर बघून पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "च्या टाक गं. बाबू दमलाय."

सगळं पहिल्यासारखं झालं असं कोणी समजू नये. हे अर्धा दिवसच बसतात. दुपारी थकून झोपतात, पाय ओढतो, उजवा हात अजून मानापुरताच आहे. कामावर परतणं म्हणजे दुखणं संपणं नव्हे. ज्या बहिणी माझ्यासारख्या उशाशी बसल्या असतील त्यांना एवढंच सांगेन की माणूस ऐकत असतो, त्याच्यादेखत तो नसल्यासारखं बोलू नका, आणि दुसऱ्यांनाही बोलू देऊ नका. त्याच्या कामातला एक लहानसा भाग शोधा जो त्याच्या अंगात अजून शिल्लक असेल. तो तुमच्या उपयोगाचा असेलच असं नाही. आणि तुम्हांला कोणी विचारत नसेल तर त्याचं वाईट वाटू द्या, ते लपवायची गरज नाही. नर्सबाईंची, अण्णांची, आत्याबाईंची मी ऋणी आहे. त्या डॉक्टरांचीही. त्यांनी पाठीच्या जखमा होऊ दिल्या नाहीत, थेंब वेळेवर दिले, हृदय सांभाळलं. त्यांना बाजार ठाऊक नव्हता, इतकंच.

त्या दिवशी दिवेलागणीला मी माडीवर दिवा ठेवायला गेले. हे शाल पांघरून बसले होते. मी शेजारी टेकले. यांनी शालीखालून माझा हात ओढून घेतला आणि बोटं धरली. आधी पंजा, मग दोन, मग तळव्यावर अंगठा. समोर चिंचोके नव्हते. मला जरा वेळानं कळलं. सत्याप्पाच्या मालाचा तो भाव होता. घरच्या बाईला जो सांगायचा नसतो, तो.

मला काय झालं कोण जाणे. इतक्या महिन्यांचं ते वाक्य मी यांना सांगून टाकलं. हळू आवाजात, मराठीत. डॉक्टर म्हणाले होते की तुम्ही पुन्हा धंद्यावर बसणार नाही. मला समजलं होतं. मी कोणाला बोलले नाही.

हे दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय."

मी हात तसाच ठेवून वाट बघितली. शालीखाली यांनी माझी बोटं एकेक करून मिटवली, त्यांची मूठ केली, आणि ती मूठ धरून बसले.